व्हॅलेन्सिया : पाटाचे पाणी, ताटातला भात
भूमध्यसागराकाठची शहरे : लेखांक ६

एखादे शहर राहण्याजोगे आहे की नाही हे ठरवताना घरभाडे, वाहतूक आणि हवामान यांचा हिशेब सहसा मांडला जातो. परंतु स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील, सुमारे आठ लाख वस्तीच्या व्हॅलेन्सियाला तो पुरत नाही, कारण तेथील मोकळी जागा आणि ताजे अन्न या दोहोंचे मूळ तुरिया नदीच्या पाण्याची व्यवस्था कशी लावली गेली यात आहे.

शहराच्या वेशीला लागूनच असलेल्या बागायती पट्ट्याला ‘उएर्ता’ म्हणतात आणि अरबी राजवटीत विस्तारलेल्या ‘आसेकिया’ म्हणजे पाटांच्या जाळ्यावर तो आजही भिजतो. पाणीपाळीचे तंटे सोडवणारे जलन्यायालय दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’शी बसते, आठ पाटांवरील शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले प्रतिनिधी तेथे न्यायाधीश असतात, कामकाज तोंडी आणि व्हॅलेन्सियन भाषेत चालते, निकाल जागच्या जागी लागतो व त्यावर अपील नसते. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेला अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

दक्षिणेकडील आल्बुफेरा या उथळ सरोवराभोवती भातखाचरे पसरली आहेत आणि ‘पाएया’ हा पदार्थ या भागातलाच. या शब्दाचा मूळ अर्थ पसरट कढई असा असल्याने भांड्याचेच नाव पदार्थाला मिळाले, आणि ते सार्थही आहे, कारण पाककृतीचे सारे मर्म त्या पसरटपणात आहे: कोंबडी व सशाचे मांस, चपट्या हिरव्या शेंगा, ‘गारोफो’ नावाचा मोठा पांढरा वाल (आपल्याकडील डबल बीचा सख्खा भाऊ) आणि केशर यांच्या रश्श्यात भाताचा पातळ थर, शक्यतो संत्र्याच्या लाकडाच्या जाळावर, न ढवळता शिजवतात आणि तळाशी धरणाऱ्या खरपूस खरवडीला, म्हणजे ‘सोकारात’ला, सर्वाधिक मान देतात. स्थानिकांच्या लेखी हे दुपारचे, विशेषतः रविवारचे, घरच्यांसोबतचे जेवण आहे. रात्री ते खाण्याची चाल नाही. उत्तरेकडील आल्बोराया गावाची ओळख असलेले ‘ओर्चाता’ हे थंड पेयही याच मातीचे: नागरमोथ्याच्या कुळातील एका वनस्पतीचे कंद भिजवून, वाटून, गाळून ते करतात.

मोकळ्या जागेची कथा मात्र आपत्तीतून सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर तुरियाचा प्रवाह शहराच्या दक्षिणेने नव्या पात्रात वळवण्यात आला. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रातून महामार्ग नेण्याचा बेत होता, पण नागरिकांनी चळवळ करून तो हाणून पाडला आणि तेथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे उद्यान उभे राहिले. पुलांखालून चालत, सायकलने शहर ओलांडता येणे ही सोय अनेक श्रीमंत शहरांनाही साधलेली नाही, आणि ती लोकांनी मिळवलेली असल्याने तिचे मोल अधिक आहे.

तथापि या सुखाची सीमा शहराच्या हद्दीपाशी संपते, हे नोंदवणे भाग आहे. २०२४ मध्ये व्हॅलेन्सिया ‘युरोपीय हरित राजधानी’ होती आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला आलेल्या पुरात या प्रांतात दोनशेहून अधिक माणसे दगावली. नव्या पात्रामुळे जुने शहर वाचले. त्या पात्राच्या पलीकडे, एकेकाळच्या शेतजमिनीवर दाटीने वाढलेली उपनगरे मात्र बुडाली. त्यांतील पायपोर्ता आणि आल्फाफार ही गावे ज्या तालुक्यात मोडतात त्याचे नाव ‘ओर्ता सुद’, म्हणजे दक्षिणेकडील बागाईत, असे आहे.