मदत पाठवताना

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आमच्या न्यू जर्सीत तेव्हा २९ तारखेची संध्याकाळ होती; आम्ही नुकतेच कामावरून घरी येत होतो.

आठवड्याभरात माझे गॅरेज कपड्यांच्या खोक्यांनी भरले. कोट, स्वेटर, सुटाच्या पँटी! जहाजाचे भाडे विचारले, तर ते मालाच्या किमतीहून जास्त. संक्रांत आली तरी खोकी तिथेच. तेवढ्यात औसा तालुक्यातल्या चुलतभावाचे पत्र आले. त्याने लिहिले होते, "दादा, कपड्यांचे ढीग शाळेच्या पटांगणात पडलेत. पक्के घर बांधायला शिकवणारा कुणी असेल तर धाडा." मला फार ओशाळल्यासारखे झाले.

पुढे विचार केला तेव्हा त्याचे म्हणणे पटले. भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंत फुटली की सारा भार झोपलेल्यांच्या अंगावर. म्हणजे खरी मदत पुढचे घर न पडण्यात आहे, आणि ते काम वर्षानुवर्षांचे असते. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवायची होती, शिवाय लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. इकडे आमचा उत्साह मात्र पहिल्या महिन्यातच ओसरला होता!

२००१ साली भुज हादरले, तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. तेव्हापासून पाळत आलेले चार नियम सांगतो.

पहिला: वस्तू नकोत, पैसे द्या. तांदूळ, चादरी, पत्रे तिकडेच जवळपास मिळतात, स्वस्त आणि लवकर. शिवाय तिथल्या दुकानदारालाही चार पैसे मिळतात.

दुसरा: निम्मी रक्कम लगेच, निम्मी सहा महिन्यांनी द्या. ढिगारा उपसताना सगळे असतात. पाया भरताना कुणी नसते.

तिसरा: कायदा पाहा. भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी 'परदेशी' ठरत नाही. अमेरिकन नागरिकाची मात्र ठरते, ओसीआय कार्ड असले तरीही. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे परदेशी देणगी कायद्याखालील नोंदणी किंवा परवानगी लागते आणि रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. तेव्हा मधल्या हातांऐवजी गावात स्वतः काम करणारी संस्था निवडा.

चौथा: इथली करवजावट हवी असेल तर अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेलाच द्या, थेट भारतात पाठवलेल्या देणगीवर ती मिळत नाही. २५० डॉलर किंवा अधिक दिल्यास लेखी पोच मागून घ्या. आपली कंपनी तेवढीच रक्कम घालते का, हेही विचारा. एका अर्जाने देणगी दुप्पट होते. आणि संस्थेचे वार्षिक विवरणपत्र वाचा. ते सर्वांना खुले असते. ज्याला हिशेब विचारलेला रुचत नाही, त्याला चेक देऊ नये.

ती खोकी अखेर मी इथल्याच एका निवाऱ्याला दिली. कपडे वाया गेले नाहीत, वेळ गेला. भाऊ आता थकला आहे, पण फोनवर अजून चिडवतो, "दादा, कोट पाठवताय का?" पुढच्या वेळी, आणि ती वेळ कधीतरी येणारच, आपल्यापैकी कुणाला असा प्रश्न ऐकावा लागू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.