डासांच्या अळीचा काळ

जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला 2002 मध्ये मान्यता मिळाली आणि बोंडअळी मारणाऱ्या जिवाणूचे नाव घरोघरी पोहोचले. त्याचाच भाऊबंद, बीटीआय, डासांच्या अळ्या मारतो. 1976 मध्ये तो इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. बीजाणू तयार करताना तो प्रथिनांचे स्फटिक बनवतो. पाण्यातले कण गाळून खाणारी अळी ते गिळते. तिच्या अल्कधर्मी आतड्यात स्फटिक विरघळतात, पाचक विकरे विष जागे करतात आणि ते पेशींना भोके पाडते. पेशी फुगून फुटतात, अळी मरते. आपल्याला मात्र त्याचा अपाय होत नाही: आपले जठर आम्लधर्मी, शिवाय विष चिकटेल अशा जागा आपल्या पेशींवर नसतात. कोष मात्र काहीच खात नाही, म्हणून वाचतो. तेव्हा केवळ बीटीआयवर न विसंबता साठवणीची पिंपे आठवड्याला रिकामी करून, घासून कोरडी कराच.