मुष्टियोद्ध्याचे पाय

माझ्या गायनवर्गात येणारा सोळा वर्षांचा एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात डावा डोळा सुजवून आला. सकाळी मुष्टियुद्धाचे धडे आणि संध्याकाळी ख्याल, असा त्याचा दुहेरी क्रम. "काय रे, हात कमी पडला वाटतं?" मी विचारले. "नाही मास्तर, पाय चुकला," तो म्हणाला.

त्या उत्तराने मी चमकलो. माझे वडील दरबारी गवई. माझी तान कोसळली की ते गळ्याला दोष देत नसत. "लय कुठं सुटली ते बघ," एवढेच म्हणत. चूक दिसते एका जागी आणि असते दुसऱ्याच जागी, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला होता. तोच या पोराच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्या गुरूंचा वर्ग पाहावा असे मनात आले, आणि पुढच्या रविवारी मी गेलो.

बडोद्याच्या माणसाला तालीम नवी नाही. दावाआधी पवित्रा शिकवतात हे आपण लहानपणापासून पाहत आलो. तरीही तिथे पाहिले त्याचे नवल वाटले. नव्या मुलांना हातमोजे मिळालेच नव्हते. ती नुसती चालत होती. उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे, उजवा मागे. दोहोंत खांद्यांइतके अंतर. गुडघे सैल, मागची टाच जराशी उचललेली. पुढे जायचे तर पुढचा पाय आधी सरकतो, मागे यायचे तर मागचा. डावीकडे जाताना डावा, उजवीकडे जाताना उजवा. दुसरा पाय मागाहून येतो आणि पहिले अंतर पुन्हा जुळवतो. पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत आणि जवळही आणायचे नाहीत. कारण त्या क्षणी साधा धक्कासुद्धा माणसाला आडवा करू शकतो.

मग ठोशाची पाळी. पुढच्या हाताचा सरळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो मारताना पुढचे पाऊल चार बोटे सरकते आणि पाऊल टेकते त्याच सुमारास मूठ पोचते. पाऊल आधी टेकून थांबले, तर अंगाचा भार जमिनीत जिरतो आणि मुठीत उरते ते केवळ दंडाचे बळ. मागच्या हाताच्या ठोशात चवडा जमिनीला रेटतो आणि वळतो, टाच बाहेर फिरते, तिच्यामागे कंबर, कंबरेमागे खांदा आणि सर्वांत शेवटी मूठ. बाजूने येणाऱ्या हूकमध्ये पुढचा पाय असाच फिरतो. म्हणजे ठोसा निघतो तळपायातून. मुठीला तो फक्त दिसतो.

हे पाहताना माझी बोटे मांडीवर ताल धरू लागली होती. गवई समेवर एकाएकी उडी घेत नाही. मुखडा उचलतानाच सम साधणार की हुकणार हे ठरलेले असते.

पण मारणे हा विद्येचा अर्धाच भाग. ठोसा लागो वा हुको, त्यानंतर आपण कुठे उभे आहोत, हा दुसरा अर्धा. समोरच्याचा हात पोचेल तिथे रेंगाळायचे नाही. सरळ रेषेत मागे न जाता कोनात निघायचे. आमचा विद्यार्थी फसला तो इथे. उजव्या हाताचा ठोसा मारताना मागचा पाय ओढला जाऊन पुढच्याला भिडला. ठोसा हुकला, निघायला पायच उरले नाहीत, आणि पुढचे काम प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हाताने केले.

या विद्येचे मोल महंमद अलींच्या आयुष्याइतके क्वचितच कुठे दिसेल. अलींचा आदर्श होते शुगर रे रॉबिन्सन. मुष्टियुद्धातून काही काळ निवृत्त झाल्यावर रंगमंचावर पदन्यासाचे कार्यक्रम करणारा असा हा योद्धा! २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे बावीस वर्षांच्या अलींनी, तेव्हाच्या कॅशियस क्लेंनी, सॉनी लिस्टनना हरवले. लिस्टन सातव्या फेरीसाठी आसनावरून उठलेच नाहीत. अली हात कमरेपाशी ठेवीत आणि ठोसा आला की मान मागे घेत. पुस्तकी शिक्षणात हे दोन्ही दोषच. पण हातांनी न केलेले रक्षण त्यांचे पाय करीत होते.

व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी नकार दिला. विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत रिंगणाचे दार बंद राहिले. पंचविशी ते अठ्ठाविशी, पायांच्या ऐन बहराची वर्षे अशी गेली. परतले ते अली शूर होते, चतुर होते. पण सबंध लढत नाचत राहणारे पाय परतले नाहीत. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझर यांच्या डाव्या हूकने पंधराव्या फेरीत ते खाली पडले. १९७४ मध्ये किन्शासा येथे दोरांना टेकून त्यांनी जॉर्ज फोरमन यांचे ठोसे अंगावर घेतले, त्यांना दमवले आणि आठव्या फेरीत पाडले. जगाने त्या युक्तीचे कौतुक केले, ते योग्यच होते. मात्र पूर्वी जे ठोसे पाय चुकवीत, ते आता शरीर सोसत होते. पुढच्या वर्षी मनिला येथे फ्रेझर यांच्याशी चौदा फेऱ्या झाल्या. अलींचे वैद्य फर्डी पाचेको यांनी निवृत्तीचा सल्ला दिला आणि तो मानला जात नाही असे पाहून १९७७ मध्ये त्यांची साथ सोडली. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्स यांच्यापुढे अली जवळजवळ उभ्या उभ्या मार खात होते. दहाव्या फेरीनंतर त्यांच्या गुरूंनी लढत थांबवली. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर जाणकारांत मतभेद राहिले. पण डोक्यावरचे वारंवार आघात मेंदूला अपाय करतात, याविषयी आज वाद नाही. २०१६ मध्ये ते गेले.

त्या विद्यार्थ्याच्या आईने दिवाळीपूर्वी मला विचारले होते, "मास्तर, याला यातून काढून घेऊ का?" संगीत शिकवणाऱ्याने यावर काय बोलावे? तरी पाहिलेले वर्ग स्मरून म्हणालो, "वहिनी, त्याच्या मुठीकडे पाहू नका. शेवटच्या फेरीत पाय पाहा. दमून ते एका जागी रुतू लागले, तर त्याच्या गुरूंना हात करा आणि लढत थांबवायला सांगा. मुलाला विचारत बसू नका. तो 'नाही'च म्हणेल."

नंतरच्या एका सामन्याला आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. तीन फेऱ्या झाल्या आणि मुलगा गुणांवर हरला. मी तिसऱ्या फेरीत मूठच पाहत राहिलो होतो, हे कबूल केले पाहिजे. वहिनींची नजर मात्र तिन्ही फेऱ्या खालीच होती.

"हरला," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या, "पण पाय चालत होते."