खेळ शिकवायला की डेटा गोळा करायला? आधी ठरवा

सिम्युलेशन गेम म्हणजे खऱ्या व्यवहाराची छोटी, नियमांत बसवलेली नक्कल. खेळणारा निर्णय घेतो आणि परिणाम तिथल्या तिथे भोगतो. पण तोच खेळ वर्गात शिकवायला वापरणं वेगळं आणि संशोधनाचं साधन म्हणून वापरणं वेगळं, हे मला जरा उशिराच कळलं.

'बिअर गेम' घ्या. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला (नावातच बिअर, प्यायला कोणाला मिळत नाही!). चौघं एका साखळीत बसतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एक फेरी म्हणजे एक आठवडा. आपल्या वरच्याकडे किती पेट्या मागवायच्या ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. मागवलेला माल यायला काही आठवडे लागतात. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, मागणी अडून राहिली तर पेटीमागे एक डॉलर.

ग्राहकाची मागणी आधी आठवड्याला ४ पेट्या, पाचव्या आठवड्यात ८, मग शेवटपर्यंत ८च. बस, इतकाच बदल. तरी कारखान्यापर्यंत पोचताना ऑर्डरींचे डोंगर आणि दऱ्या होतात. माल संपला की माणूस घाबरून जास्त मागवतो, आधी मागवलेला वाटेत आहे हे विसरतो, मग सगळा एकदम येऊन पडतो. शेवटी 'ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढा' म्हटलं की बरेच जण लाटा काढतात. म्हणजे दोष ग्राहकाचा!

वर्गात हा क्षण म्हणजेच धडा. जॉन स्टरमन यांनी १९८९च्या शोधनिबंधात याच खेळातल्या ऑर्डरी डेटा म्हणून वापरल्या. गटांचा सरासरी खर्च तुलनेसाठी काढलेल्या खर्चाच्या साधारण दहापट निघाला, आणि वाटेतला माल लोक हिशेबात नीट धरत नाहीत हे आकड्यांत दाखवता आलं. मागणी सगळ्यांना सारखी, नियम सारखे, प्रत्येक निर्णयाची नोंद. म्हणूनच हे जमलं.

आता माझा पराक्रम. पायलटच्या दिवशी, मुलांना नीट समजावं म्हणून, मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "वाटेतला माल विसरू नका हं." मुलं छान खेळली, मी खूश. गाईड सरांनी शीट बघून एवढंच विचारलं, "हे त्यांनी ठरवलं की तू?" अख्ख्या दुपारचा डेटा बाद. बरं, तीच मुलं परत बोलावून उपयोग नाही, त्यांना आता गुपित माहीत झालं.

कधी कधी मात्र शिकवणं हाच तपासायचा भाग असतो. आंध्र प्रदेशातल्या गावांत भूजल आणि पीकनिवडीचा खेळ घेतला, त्यावर गावात चर्चाही झाली. पुढे त्या गावांत पाण्याचे नियम आणि नोंदवह्या जास्त दिसल्या. पण हा परिणाम खेळाचा किती आणि चर्चेचा किती, हे तेवढ्यावरून वेगळं काढता येत नाही.

मी आता सूचना छापून आणते, जशाच्या तशा वाचते. समजावणं शेवटची शीट हातात आल्यावरच.