पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्या : जीविका, पण्य आणि कायदा

व्याकरणाचा आणि बाजारभावाचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु अष्टाध्यायींतील एक सूत्र (५।३।९९) थेट त्या संबंधाविषयींच आहे. प्रतिमेचा बोध करणाऱ्या शब्दास जो 'क' प्रत्यय लागावयाचा, तो ती प्रतिमा जीविकेचें साधन असून विक्रीचा जिन्नस नसेल तर लुप्त होतो, असें तेथें पाणिनि सांगतो. दुकानांत मांडलेली शिवाची मूर्ति ती 'शिवक'. जी लोकांपुढें ठेवून देवलक आपला चरितार्थ चालवितो, ती नुसती 'शिव'. द्रव्यलोभानें प्रतिमा करविणाऱ्या मौर्यांचा पतंजलीनें याच सूत्राच्या भाष्यांत उल्लेख केला आहे, हें इतिहासाभ्यासकांस विदित आहेच. एखादी वस्तु घराचें पोट भरते, म्हणून ती विकाऊ आहे असें होत नाहीं, हा भेद त्या काळीं भाषेंतच रुजलेला होता. पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्यांचा व्यवहार समजून घेण्यास तो फार उपयोगी पडतो, म्हणून प्रस्तुत लेखाचा आरंभ त्यापासून केला आहे.

पिंगुळी हें गांव कुडाळ तालुक्यांत, कुडाळहून सावंतवाडीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख सावंतवाडी संस्थानांत मोडत असे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९८१ सालीं झाला. येथील ठाकर समाजांत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला वंशपरंपरेनें चालत आल्या. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा निर्देश बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांतही सांपडतो. पिंगुळीची चित्रें कागदावरचीं, सुमारें एक फूट उंच व सव्वा फूट रुंद असतात. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवितात, आणि रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाच्या सुट्या पानांच्या संचास 'पोथी' म्हणतात. तींत कथेची संहिता नसते. संहिता गाणाऱ्याच्या मुखीं असते, आणि पानांचा क्रम त्यालाच ठाऊक असतो.

अशी पोथी एका घरांत पिढ्यान् पिढ्या राही. देवळांतील उत्सवप्रसंगीं ती उघडावी, टाळ-हुडुकाच्या साथीनें आख्यान लावावें आणि मिळेल त्या धान्यावर व बिदागीवर संसार चालवावा, अशी ही वृत्ति होती. सावंतवाडीच्या राजांचा तिला आश्रय होता, असें हीं घराणीं परंपरेनें सांगतात. म्हणजे पोथी जीविकार्थ होती, परंतु पण्य नव्हती. पुढें राजाश्रय गेला, करमणुकीचीं नवीं साधनें आलीं आणि पोथी दाखवून पोट भरेना. मग तिच्यांतून पैसा मिळविण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे ती विकणें.

या विक्रींत दोन दोष उपजतच होते. पहिला दोष सुट्या पानांचा. भिंतीवर लावण्यासाठीं चित्र घेणाऱ्यास एकच पान हवें असतें. त्यामुळें सबंध पोथी एका गिऱ्हाइकास देण्यापेक्षां ती फोडून पानें निरनिराळ्या हातीं विकणें मध्यस्थास अधिक लाभाचें होतें. पान शाबूत राहतें, पण क्रम नाहींसा होतो. आणि ज्या चित्रकथेची संहिताच क्रमांत आहे, तिचा क्रम जाणें म्हणजे ग्रंथच जाणें होय.

दुसरा दोष ज्ञानाच्या विषमतेचा. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन असें दाखविलें कीं, जेथें खऱ्याखोट्याची पारख गिऱ्हाइकास करतां येत नाहीं, तेथें तो सर्वच मालास मध्यम भाव देऊं करतो. उत्तम मालाच्या धन्यास तो परवडत नाहीं, आणि उत्तम माल बाजारांतून निघून जातो. पिंगुळीस आजही त्याच वळणाचीं नवीं चित्रें काढतात. त्यामुळें इतिहास न सांगतां आलेलें पान दीडशें वर्षांचें कीं दहा वर्षांचें, हें ठरविणें अवघड होतें, आणि गरजू घरास जुन्याचा भाव मिळत नाहीं. मध्यस्थास मात्र दोन्हीं बाजूंचें ज्ञान असतें. मूळ ठिकाण लपविण्यांत त्याचा लाभ असतो, कारण तें कळल्यास गिऱ्हाईक थेट गांवांत जाईल.

याचा परिणाम नांवांतही दिसतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयांत व अन्यत्र असलेलीं या जातीचीं पुष्कळ चित्रें 'पैठणी चित्रें' म्हणून प्रसिद्धीस आलीं. पिंगुळीच्या चित्रांशीं त्यांचें साम्य डोळ्यांत भरण्याजोगें आहे. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन या विदुषीनें १९८४ सालीं पिंगुळीच्या चित्रांतील कथनपद्धतीवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. परंतु कोणतें पान कोणत्या घरचें, हा प्रश्न केवळ शैलीवरून सुटणारा नव्हे. खरेदीच्या दिवशीं लिहिलेली एक ओळ जें काम करती, तें पुढें अनेक विद्वानांच्या श्रमांनींही होत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९४७ च्या निर्यात-नियंत्रणाच्या कायद्याची जागा १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यानें घेतली. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलांत आला. त्याअन्वयें खासगी व्यक्तीस पुरावस्तूची निर्यात करतां येत नाहीं, धंदा म्हणून विक्री करणाऱ्यास परवाना लागतो, आणि चित्रें, सचित्र हस्तलिखितें इत्यादि अधिसूचित वर्गांतील वस्तूंची छायाचित्रांसह नोंदणी करून हस्तांतराची वर्दी द्यावी लागते. वस्तु पुरावस्तु ठरण्यास सामान्यतः शंभर वर्षांची मर्यादा आहे, हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षांची. येथें आमच्या विषयापुरता एक मनोरंजक वाद उत्पन्न होतो. चित्रकथी पोथी ही 'चित्रें' समजावीत कीं 'हस्तलिखित'? लोक तिला पोथी म्हणतात, पण तींत कथा लिहिलेली नसते. एका अर्थानें शंभर वर्षें, दुसऱ्या अर्थानें पंचाहत्तर. आणि पानावर तर शक नसतो.

निर्यातबंदीचा हेतु स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिचा भार कोणावर पडतो, हेंही पाहिलें पाहिजे. परदेशचें गिऱ्हाईक वजा होतांच देशांतील भाव उतरतो, आणि हा तोटा पोथी सांभाळणाऱ्या घरानें सोसावयाचा. त्याची भरपाई नाहीं. उलट १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यांत, दडवून न ठेवण्याचा मोबदला ठेवला होता. बेवारशी ठरलेल्या निधीवर जमिनीच्या मालकाचा हक्क असला, तरी दोघांत वेगळा करार नसल्यास सांपडविणाऱ्यास तीन चतुर्थांश मिळे. आणि सरकारनें निधि घेतल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक द्यावा लागे. किंमत धातूची धरली, इतिहासाची नव्हे, हा त्यांत दोष होता. तथापि जो वस्तु उघड करील त्याचें नुकसान होऊं नये, हें तत्त्व त्यांत होतें. नव्या कायद्याची भीति घरापर्यंत पोंचते, त्याचा लाभ पोंचत नाहीं.

वास्तविक नोंदणी ही धारकाची मित्र आहे. अकरलॉफनें सांगितलेला रोग ज्ञानाच्या अभावाचा आहे, आणि छायाचित्रासह सरकारी दाखला हेंच त्यावरचें औषध. दाखला असलेली सबंध पोथी खरी म्हणून ओळखली जाईल, तिला भाव येईल, आणि ती फोडण्याचा मोह कमी होईल. मात्र त्यासाठीं अधिकाऱ्यानें गांवांत जाऊन नोंद केली पाहिजे. धारकानें कचेरीचे खेटे घालावेत ही अपेक्षा व्यर्थ आहे.

पिंगुळीनें आपल्यापुरता एक उपाय काढलाच आहे. श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांनीं २००६ सालीं आपल्या गुरांच्या गोठ्यांत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें संग्रहालय उभें केलें. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तेथें जुनें जपून दाखवितात. जुनी पोथी दाखवून आणि नवीं चित्रें विकून घर चालूं शकतें, म्हणजे पाणिनीचा भेद पुन्हां व्यवहारांत येतो. नवें चित्र पण्य असावें, त्यांत कांहीं उणें नाहीं. जुनी पोथी अपण्य राहूनच जीविका देऊं शकते.

संग्राहक बंधूंस विनंति एवढीच कीं, त्यांनीं सुटें पान घेऊं नये. पोथी आधींच फुटलेली असेल तर कोणतें पान कोणाकडून, कोणत्या दिवशीं, कोणत्या आख्यानाचें म्हणून मिळालें, तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. अशीं टिपणें मंडळाकडे आल्यास निरनिराळ्या संग्रहांतील पानें ताडून एखाद्या पोथीचा क्रम पुन्हां लावतां येईल. हें काम गाणारे जाणते लोक हयात आहेत तोंवरच होण्याजोगें आहे.