इद्रा : खडकावरचं बंदर

ग्रीसच्या पिरिअस बंदरातून सुटलेली जलद बोट दोन तासांच्या आत इद्राला पोचते. इंग्रजी नकाशांवर हेच बेट हायड्रा म्हणून सापडतं. बराच वेळ समोर उघडाबोडका डोंगर दिसत राहतो. बोट वळली की बंदर एकदम उघडतं आणि धक्क्यापासून वर चढत गेलेली दगडी घरं नजरेत भरतात. इथे मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत, सायकलीलाही बंदी. कचऱ्याच्या गाडीसारखी मोजकी वाहनं तेवढी चालतात. प्रवाशांच्या बॅगा खेचरांच्या पाठीवरून वर जातात. माथेरान पाहिलेल्या माणसाला हे चटकन ओळखीचं वाटेल.

पण इद्राचं खरं आकर्षण या शांततेत नाही, धक्क्यावरच्या करड्या वाड्यांत आहे. शेतीला जमीन नाही, प्यायला पुरेसं पाणी नाही, अशा खडकावर एवढे वाडे कुणी बांधले?

बांधले शिडाच्या जहाजांच्या मालकांनी. 1774 मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात तह झाला आणि ग्रीक जहाजांना रशियाच्या झेंड्याखाली व्यापार करण्याची मुभा मिळाली. पुढे नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश आरमारानं शत्रूच्या बंदरांची नाकेबंदी केली. इद्राचे तांडेल ती फोडून धान्य पोचवत. धोका मोठा आणि नफाही तसाच. चाच्यांच्या भीतीनं या व्यापारी जहाजांवर तोफा चढवलेल्या असत. पुढे त्याच तोफांनी इतिहास घडवला.

1821 मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध ग्रीकांचा उठाव झाला तेव्हा इद्राचे धनिक आधी कचरले. गमावण्यासारखं सर्वांत जास्त त्यांच्याकडेच होतं. आंतोनिस इकोनोमू नावाच्या एका तांडेलानं गावकऱ्यांना हाताशी धरून या धनिकांना उठावात उतरायला भाग पाडलं. त्याच वर्षाअखेर इकोनोमूचा खून झाला. मला या गोष्टीत तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण निर्णयाची पहिली किंमत त्यानं मोजली. एकदा उडी घेतल्यावर मात्र धनिकांनीही हात आखडला नाही. लाझारोस कुंदुरिओतिस यानं आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा युद्धात ओतला. आंद्रेआस मियाउलिस आरमाराचा प्रमुख झाला. जुनी गलबतं दारूगोळ्यानं भरून, पेटवून शत्रूच्या मोठ्या जहाजांना नेऊन भिडवायची, हे ग्रीक आरमाराचं भेदक अस्त्र. जूनच्या अखेरीस मियाउलिसच्या स्मरणार्थ होणाऱ्या उत्सवात आजही बंदरात एक बोट पेटवली जाते. त्याचं हृदय धक्क्यावरच्या संग्रहालयात एका कलशात जतन केलं आहे.

स्वातंत्र्य मिळालं, पण इद्राची भरभराट परतली नाही. युद्धानं तिजोऱ्या रित्या केल्या होत्या, त्यात वाफेची जहाजं आली आणि व्यापार सिरोस बेटाकडे व पिरिअसकडे गेला. उरलेल्यांनी समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज काढायला सुरुवात केली. पाणबुड्याचा पोशाख आल्यावर माणसं खोल जाऊ लागली, भरभर वर येऊ लागली आणि रक्तात वायूचे बुडबुडे होऊन अनेकजण लुळे पडले, कित्येक दगावले. बंदरावर फिरताना हेही आठवावं.

पैसा गेला म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपत उरली नाही, आणि त्यामुळेच गाव जसंच्या तसं राहिलं. पुढे चित्रकार आणि लेखक आले. 1957 च्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ या सोफिया लॉरेनच्या चित्रपटातून हे बंदर जगभर पोचलं. 1960 मध्ये कवी-गायक लेनर्ड कोहेन यानं इथे घर घेतलं. पुढे कायद्यानं बांधकामांवर कडक बंधनं आली, ती फार योग्य झाली.

जायचं तर मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य. बूट चांगल्या पकडीचे हवेत, कारण दगडी पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. मोठ्या पांढऱ्या, पावट्यासारख्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ, पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, भात भरलेले टोमॅटो सहज मिळतात. बदामाची अमिग्दालोता ही इथली खास मिठाई.

सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या सहलीत फक्त धक्का आणि दुकानं बघून होतात. निदान दोन रात्री राहा, आणि त्यातली एक सकाळ बंदराच्या वर उभ्या असलेल्या लाझारोसच्या वाड्यासाठी राखून ठेवा. तो आता संग्रहालय आहे.