सल्ल्याची फी

फुकटचा सल्ला कोणी मानीत नाहीं, असें म्हणतात. परंतु सरकारी कचेरीनें दिलेल्या सल्ल्याचे पैसे घ्यावे कीं नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. इंग्लंडांत तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत, गेला होता.

त्या देशांत १९४७ च्या नगररचना कायद्यापासून बहुतेक नव्या बांधकामांस स्थानिक कौन्सिलची, म्हणजे आपल्याकडील म्युनिसिपालिटीसारख्या संस्थेची, परवानगी लागते. रीतसर अर्जाचा निकाल देणें हें त्या संस्थेचें कर्तव्य असून त्याची फी १९८१ पासून कायद्यान्वयें घेतली जाते. पण अर्ज करण्यापूर्वींच अधिकाऱ्यांस नकाशा दाखवून त्यांचें मत विचारण्याची चाल आहे. हें मत देणें संस्थेवर बंधनकारक नाहीं. तो तिच्या खुषीचा मामला.

लंडनमधील रिचमंड कौन्सिलनें बिल्डरांच्या अशा विचारपुशीवर २५ पौंड फी बसविली. मकार्थी अँड स्टोन या कंपनीनें तीस हरकत घेतली. खालच्या दोन्ही न्यायालयांत कौन्सिलची सरशी झाली; १९९१ मध्यें लॉर्डांनीं मात्र निकाल फिरविला. कर्तव्यास पूरक अशी कोणतीही गोष्ट करण्याची मुभा १९७२ च्या कायद्यानें दिली आहे, असें कौन्सिलचें म्हणणें होतें. लॉर्डांनीं उत्तर दिलें कीं, सल्ला देणें हें पूरक खरें. पण त्याचे पैसे घेणें हें पूरकाचेंही पूरक झालें. कायद्यांत तसा अधिकार स्पष्ट दिलेला असल्यावांचून लोकांकडून पैसा घेतां येत नाहीं.

रक्कम क्षुल्लक, पण तत्त्व मोठें होतें. पार्लमेंटच्या संमतीवांचून राजानें पैसा उकळूं नये, हें १६८९ च्या हक्कांच्या सनदेनें ठरविलें होतें. कौन्सिलला त्याहून अधिक मोकळीक कशी मिळावी?

तथापि दुसरी बाजूही विचारणीय आहे. सल्ला फुकट दिला, तर बिल्डरांच्या सोयीचा खर्च सर्व करदात्यांच्या माथीं बसतो. म्हणून २००३ च्या कायद्यानें पार्लमेंटनेंच असा आकार घेण्याचा अधिकार दिला. त्यास दोन अटी आहेत : सेवा घेणाऱ्याची संमति पाहिजे, आणि एकंदर उत्पन्न सेवेच्या खर्चाहून अधिक होतां कामा नये. नफेबाजीस त्यांत वाव नाहीं.

तरीही जपावयाचें तें एका गोष्टीस. फी जबर ठेविली, तर घरास एखादी खोली जोडूं पाहणारा सामान्य गृहस्थ विचारावयास येणारच नाहीं, आणि चुकीचा अर्ज करून बसेल. शिवाय असा सल्ला कौन्सिलवर बंधनकारक नसतो. पैसे भरून मत मिळतें, परवानगी नव्हे. हा भेद देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें सारखाच ध्यानांत ठेवला पाहिजे.